देवानं धरलेला खुंटा

पंढरपुरात राहणाऱ्या माणसाला पुंडलिक चुकवता येत नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात त्याचं देऊळ आहे. उजनी आणि वीर धरणांचं पाणी सुटलं की ते पुरात जातं, पूर ओसरला की पुन्हा दिसू लागतं. वारीला आलेला माणूस आधी चंद्रभागेत बुडी मारतो, मग पुंडलिकाच्या पायांवर डोकं ठेवतो आणि त्यानंतर विठ्ठलाकडे वळतो. जयघोषातही पुंडलिकाचं नाव विठ्ठलाच्या आधी येतं. आई-बापांची सेवा करणाऱ्या माणसाला एका संप्रदायानं देवाच्या आधीचा मान दिला, याचं मला लहानपणापासून फार अप्रूप वाटत आलं आहे. आजही वाटतं.

माझं माहेर आणि सासर दोन्ही याच गावातलं. शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले. माझं वय ६२, सासूबाईंचं ८८. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणावर आहेत, आणि त्यांची आठवण त्याच्याही आधीपासून हळूहळू पुसत चालली आहे. त्यांचं करता करता मला एक प्रश्न पडत गेला. तो धर्माचा प्रश्न आहे. घरकामाच्या वाटणीची कुरबुर म्हणून तो बाजूला सारता येणार नाही. ज्या सेवेसाठी देव ताटकळत उभा राहिला ती सेवा कथेत मुलाच्या नावावर आहे, आणि घरोघरी ती करते सून. मग धर्मानं हे कर्तव्य नक्की कुणाला सांगितलं? आणि करणारीला नाही म्हणायची सोयच नसेल, तर तिच्या हातून होतं त्याला सेवा म्हणायचं का?

पुंडलिकाची कथा आमच्याकडे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कीर्तनात होते. तो आधी आई-बापांना विचारत नसे. काशीला जाताना कुक्कुट मुनींच्या आश्रमात मुक्कामाला राहिला. पहाटे त्याला मळक्या वस्त्रांतल्या काही स्त्रिया आत येताना दिसल्या. त्यांनी अंगण झाडलं, सडा घातला, पाणी भरलं, मुनींची वस्त्रं धुतली आणि बाहेर पडल्या तेव्हा त्यांची स्वतःची वस्त्रं लख्ख झाली होती. त्या होत्या गंगा, यमुना, सरस्वती. माणसं आमच्यात पापं धुऊन जातात, त्या मळानं आम्ही काळवंडतो, आणि आई-बापांची सेवा करणाऱ्या या मुनींच्या दारी काम केलं की पुन्हा निर्मळ होतो, असं त्यांनी सांगितलं. पुंडलिकाचे डोळे उघडले. तो माघारी फिरला, आई-बापांच्या सेवेला लागला आणि पुढे भेटीला आलेल्या देवालाही वीट देऊन थांबायला सांगता झाला.

कीर्तनकार विटेच्या प्रसंगात रंगतात. मी अलीकडे त्या नद्यांपाशीच थांबते. सेवेचा आदर्श म्हणून मुनींचं नाव झालं, पण त्यांच्या अंगणात झाडू कुणाच्या हातात आहे ते कथेनं लपवलेलं नाही. शिवाय दुसऱ्यांचा मळ धुणारी स्वतःही मळते, थकते, आणि तिलाही निर्मळ व्हायला एक जागा लागते, हे इतकं स्पष्टपणे सांगणारी दुसरी कथा मला माहीत नाही. पुंडलिकाच्या बायकोचं मात्र पुढे काय झालं? काही कथनांत ती यात्रेच्या वाटेवर नवऱ्याबरोबर दिसते आणि सेवा सुरू झाल्यावर दिसेनाशी होते. घरात दोन म्हातारी माणसं होती. पुंडलिक त्यांचे पाय चेपत होता. त्यांना पेज कुणी करून दिली आणि त्यांची लुगडी-धोतरं कुणी धुतली, ते कुणी सांगत नाही.

पाय चेपण्याचं चित्र काढता येतं, ते देवघरात लावता येतं. बाकीच्या कामाचं चित्र कुणी काढत नाही. सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग काळसर, आणि एकदा फुटली की जखम आत आत जाते. वळवताना एक हात खांद्यामागे आणि एक खुब्यामागे घालायचा. ओढायचं नाही, ओढलं की चादरीवर घासून कातडी सोलते. दोन गुडघ्यांच्या मधे उशी द्यायची, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली चादरीची घडी सरकवायची. एअर बेडचा पंप रात्रभर घरघरत असतो. वीज गेली आणि तो आवाज थांबला की मला जाग येते. भरवायचं ते गुरगुट्या भात आणि मुगाचं पातळ वरण. डोकं उंच, हनुवटी किंचित खाली. एक चमचा गिळला गेला हे गळ्यावर बघायचं, मगच दुसरा द्यायचा. घाई केली तर ठसका लागतो, अन्न फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. डायपर काढल्यावर कोमट पाण्यानं पुढून मागे पुसायचं, कोरडं करायचं, जांघेत ओल राहू द्यायची नाही.

हे सगळं शिकावं लागतं. थोडं डॉक्टर सांगतात, थोडं ब्युरोकडून येणारी मावशी दाखवते, आणि बरंचसं एका बाईनं दुसरीला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलेलं असतं. म्हाताऱ्या, परस्वाधीन झालेल्या देहाला दुखू न देता सांभाळण्याचं हे ज्ञान पिढ्यानपिढ्या बायकांनी जतन केलं आहे. त्याला कुणी विद्या म्हटलं नाही, म्हणून मुलग्यांना ते शिकवावं असंही कुणाला सुचलं नाही.

मध्यरात्रीनंतर कधीतरी सासूबाई जाग्या होतात आणि उठून बसायची धडपड करतात. "आले आत्याबाई, आले. पाणी तापलंय," असं घाईघाईनं म्हणतात. त्यांच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, माझ्या लग्नाच्याही आधी गेल्या. शेवटची काही वर्षं त्यांना अर्धांगवायू होता. सासूबाईंनी त्यांचं सगळं अंथरुणावर केलं, आणि आळीतली जुनी माणसं अजून त्याचं कौतुक करतात. आता सासूबाईंना नवऱ्याचं नाव आठवत नाही, मुलाला त्या कधी भाऊ समजतात. मात्र ती हाक आणि तिला ओ देण्याची लगबग त्यांच्या अंगात अजून शाबूत आहे. आवाजात धास्ती असते. चादरीखाली पाय हलतात, जमिनीला टेकायला बघतात. मी म्हणते, "आत्याबाई झोपल्यात. तुम्ही पडा जरा." मग मुठीत धरलेली चादर सुटते.

आजेसासूबाईंना शेवटपर्यंत स्वच्छ अंथरूण आणि ऊन घास मिळाला, हे मोठं काम झालं. त्याबद्दल माझ्या मनात किंतू नाही. पण ज्या कामाला आळी पुण्य म्हणते ते करणारीच्या देहात आयुष्यभराची धास्ती होऊन उरलं असेल, तर ते तिच्यावर कसं लादलं गेलं याची विचारपूस धर्मानंच करायला हवी. सेवा वाईट नव्हती. सेवा करणारीला कुणी काही विचारलं नव्हतं.

निष्काम कर्माचा उपदेश अशा वेळी बाईला हमखास ऐकवला जातो. फळाची आशा धरू नकोस, कर्तव्य करत राहा. गीता मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे आणि तिच्यावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच अठराव्या अध्यायातली एक जागा मला इथे दाखवावीशी वाटते. सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की याचा नीट विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसं कर. प्रत्यक्ष भगवंतानं निर्णय अर्जुनाच्या हाती ठेवला. फळाचा त्याग माणसानं स्वतः करायचा असतो. तो दुसऱ्याकडून करवून घेतला की त्याला त्याग म्हणत नाहीत, त्याला राबवून घेणं म्हणतात. अर्जुनाला मिळालेली ती मोकळीक आमच्या घरांतल्या किती सुनांना मिळाली?

आणि शास्त्रानं हे कर्तव्य सांगितलं कुणाला? तैत्तिरीय उपनिषदात आई-वडिलांना देव मानण्याचा उपदेश येतो, तो अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्यांनी केलेला आहे. कावड खांद्यावर घेतो तो श्रावणबाळ. सेवेत गुंतलेला पुंडलिक हा मुलगाच. सगळीकडे मुलाला उद्देशून सांगितलेली ही जबाबदारी घरात आल्यावर सुनेच्या पदरात कशी गेली, ते कुठल्या ग्रंथात मला सापडत नाही. आपल्या वागण्यात मात्र सापडतं. पुण्य कुळाचं राहिलं, कष्ट बाहेरून आलेल्या मुलीचे झाले.

सावित्रीच्या कथेतही आपण असंच सोयीचं तेवढं उचललं. वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळताना नवऱ्याचे प्राण परत आणणारी सावित्री आपल्याला आठवते. महाभारताच्या वनपर्वात तिनं यमाकडे पहिला वर मागितला तो आंधळ्या सासऱ्याच्या डोळ्यांसाठी. दुसरा त्याच्या गेलेल्या राज्यासाठी. तिसरा, मुलगा नसलेल्या आपल्या वडिलांना शंभर पुत्र व्हावेत म्हणून. सासर आणि माहेर, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची काळजी तिच्या मनात एका वेळी होती. आज एखाद्या सुनेनं सासूचं करता करता माहेरच्या आईपाशी महिनाभर राहायला जाते म्हटलं, तर किती घरांना ते रुचेल? माझी आई आजारी होती तेव्हा मी शनिवारी शाळा सुटल्यावर दोन गल्ल्या ओलांडून जायची आणि दिवेलागणीला परत यायची. तिचं सगळं माझ्या भावजयीनं केलं. ती तिच्या आईकडे कधी गेली, हे आमच्या घरात कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. प्रत्येक आईच्या उशाशी दुसऱ्या कुणाची तरी मुलगी बसलेली असते.

कायदा या बाबतीत आपल्या रूढीपेक्षा जास्त नेमका आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांची नावं घेतो. सुनेचं नाव त्यात नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणाचे आकडे घरात काय चालतं ते सांगतात. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची विनामोबदला देखभाल करतात, आणि ती करणारीचा रोजचा सरासरी वेळ १४० मिनिटं आहे. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. यात लेकरांचंही करणं आलं. साठी ओलांडून सासूचं करणारी माझ्यासारखी बाई त्या वयोगटात बसतच नाही.

शेजारणी येतात आणि मनापासून म्हणतात, "पुण्य लागंल बाई तुला." त्यांच्या शब्दांत माया असते, ती मी घेते. पण पुण्यावर आमच्या गावाचा खरा विश्वास किती आहे ते आषाढीला दिसतं. दर्शनाच्या रांगेत माणसं रात्रंदिवस उभी राहतात, आपला नंबर दुसऱ्याला देत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी तेवढंच पुण्य आहे असं आपण खरोखर मानत असतो, तर तिथेही मुलांनी आपला वाटा मागून घेतला असता.

मावशीबद्दलही लिहायला हवं. ती सकाळी आठला येते आणि संध्याकाळी जाते. पोट भरायला दुसऱ्याच्या आईचं गू-मूत काढते आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तिची स्वतःची सासू गावाबाहेरच्या खोलीत एकटी असते. दुपारी तिला भाकरी द्यायला शाळकरी नात शाळेतून घरी पळते. आमच्या घरातलं ओझं थोडं कमी झालं ते असं एका लहान मुलीच्या डोक्यावर जाऊन. अशा बायकांवर घरोघरी संशयही घेतला जातो. काही सापडेनासं झालं की पहिली नजर त्यांच्या पिशवीवर. जनाबाईवर देवाच्या पदकाच्या चोरीचा आळ आला, ही कथा सांगताना डोळे पुसणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

मुलानं करायचं म्हटलं की लाजेचा मुद्दा निघतो, आणि तो खोटा नाही. सासूबाईंना कळत होतं तेव्हा त्या स्वच्छ सांगायच्या, "त्येला भाईर जायला सांग." स्वतःच्या देहाला कुणी हात लावावा हे ठरवायचा त्यांचा अधिकार होता. तो आम्ही पाळला. पण लाज धुण्या-पुसण्यापुरती असते. भरवणं, औषधं, रात्रीची जाग, चादरी धुणं, दवाखान्यात नंबर लावणं यांत कसली लाज? आमचे हे एसटीच्या आगारात होते, रात्रपाळीची त्यांना सवय. निवृत्तीनंतर मी त्यांना म्हटलं, "बारापासून पहाटेपर्यंतची कूस तुमची." पहिल्यांदा ते आईला हात लावायला भीत होते, मोडेल की काय म्हणून. शिकले. पुढे एकदा मी तापानं पडले होते आणि मावशीची सुट्टी होती. तोवर सासूबाईंची ओळख पुसली होती. यांनी कोमट पाणी आणलं, दार लोटलं आणि आईला पुसून काढलं, अंगावर चादर तशीच ठेवून, हात आतून घालून. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "तिनं माझं केलंच की." त्या दिवसानंतर आळीतल्या कौतुकाची मला गरज राहिली नाही. घरात दुसरं माणूस होतं.

माझं म्हणणं मला ज्या कथेत सापडलं ती जनाबाईची. गंगाखेडची ही मुलगी लहानपणी दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या त्या भरल्या घरात राबत राहिली. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या. देवळात जायला सवड नसलेल्या या बाईकडे देव आपण होऊन आला. तो तिला वर देत बसला नाही. तिच्यासमोर बसला, जात्याचा खुंटा धरला आणि दळू लागला. शेण्या वेचल्या, तिची वेणी घातली, असं परंपरा सांगते. गावाशेजारच्या गोपाळपुरात जनाबाईचं जातं दाखवतात; बायका तिथे हात लावून येतात. मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घरची कथाही अशीच आहे. चोखोबा घरी नव्हते आणि सोयराबाई अडल्या होत्या. तेव्हा विठ्ठल नणंदेचं, निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्यानं बाळंतपण केलं. बाळंतपणात काय काय करावं लागतं ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आपल्या संतांच्या परंपरेनं ते देवाच्या हातून करवलं, आणि त्यात देवाचं देवपण उणं झालं असं कुणाला वाटलं नाही.

पुंडलिकाच्या दारी देव थांबला, सेवा पुरी होईपर्यंत. जनाबाईच्या घरी तो थांबला नाही, कामाला लागला. मला वाटतं आपण पहिली कथा अंगी बाणवली आणि दुसरी भजनात ठेवली. सेवा करणाऱ्या बाईसमोर घरातले पुरुष आदरानं, कमरेवर हात ठेवून उभे राहतात. तिचं कौतुक करतात, नातेवाइकांत सांगतात, तिच्या पाया पडतात. खुंटा मात्र तिच्या एकटीच्या हातात राहतो. सेवेची किंमत ओळखणं ही देवाची पहिली शिकवण असेल, तर सेवा करणारीच्या समोर बसून अर्धं दळण ओढणं ही दुसरी आहे, आणि पहिलीवर थांबणाऱ्याचा धर्म अर्धाच राहतो.

माझा मुलगा आणि सून पुण्यात नोकरी करतात. उद्या माझी पाळी येईल. मी दोघांना समोर बसवून सांगितलं आहे. मुलाला म्हटलं, "तुला पर्याय नाही. शास्त्रानं सांगितलंय ते तुला." सुनेला म्हटलं, "तुझ्यावर माझं काही ऋण नाही. तुला वाटलं तर कर, नाही वाटलं तर नको करूस. आणि तुझ्या आईचं करायला तुला जायचं असेल, तर माझ्या मुलानं तुझ्याबरोबर जायचं." मुलगा सुट्टीला येतो तेव्हा आजीला वळवायला आणि भरवायला शिकतो आहे. चमचा घाईनं पुढे करतो, मी थांबवते, गळा बघायला लावते.

कीर्तनकारांना माझी विनंती आहे की पुंडलिकाची कथा लावाल तेव्हा त्याच बैठकीत जनाबाईचीही लावा, आणि दळणाच्या प्रसंगाशी थोडं जास्त थांबा. ऐकायला बसलेल्या प्रत्येक मुलग्यानं घरी जाऊन एक तरी काम अंगावर घ्यावं आणि ते नीट शिकून घ्यावं. जे करताना देवाला कमीपणा वाटला नाही, ते करताना आपल्याला वाटायचं काही कारण नाही.